वाचकांचे प्रश्न : एआयचा तक्ता देखणा, पण बरोबर आहे का?

प्रश्न : माहिती अधिकार कायद्यातल्या मुदतींचा एकपानी तक्ता आमच्या वाचनालयात लावायचा आहे. कायद्याची पीडीएफ दोन वेगळ्या एआयना दिली, तर दोन वेगळे तक्ते आले. कोणता धरावा?

उत्तर : तूर्त एकही नको. तुम्ही फक्त दिवस विचारलेत. ते कधीपासून मोजायचे, हे विचारले नाहीत. ३० दिवस या कायद्यात मुख्यतः तीन वेगळ्या गोष्टींसाठी येतात. माहिती देण्याची मुदत अर्ज मिळाल्यापासून (कलम ७(१)), पहिले अपील करण्याची निर्णय मिळाल्यापासून किंवा मुदत उलटल्यापासून (१९(१)) आणि ते निकाली काढण्याची अपील मिळाल्यापासून (१९(६), कारणे नोंदवून एकूण ४५ दिवसांपर्यंत). या तीन गोष्टी एआय खुशाल एका ओळीत कोंबते.

म्हणून रकाने तुम्हीच ठरवून द्या : कलम-पोटकलम, कोणी करायचे, काय, किती दिवसांत, कधीपासून, अपवाद. सातवा रकाना मूळ वाक्याचा, जसेच्या तसे. तो ताडून पाहण्यासाठी आहे, छापताना काढून टाका.

खरी पडझड होते ती परंतुकांची, म्हणजे कलमातल्या ‘परंतु’ने सुरू होणाऱ्या अपवादांची. ‘३० दिवस’ तक्त्यात येतात. जीवित वा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, हे त्याच कलमाचे परंतुक गळते. सहायक जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज दिला तर वाढणारे ५ दिवस कलम ५(२) मध्ये, त्रयस्थ पक्षाच्या माहितीसाठीचे ४० दिवस कलम ११ मध्ये. जादा शुल्काचे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचा काळ ३० दिवसांत धरायचा नाही, हे ७(३) मध्ये. एकमेकांपासून इतक्या लांब असलेल्या तरतुदी एका दमात नीट जुळत नाहीत. कलमे ५ ते ७, मग ११, मग १८ ते २० असे तुकडे द्या. आधी फक्त दिवस, तास किंवा रुपये असलेली वाक्ये उतरवून मागा. तक्ता पुढच्या संदेशात, त्याच वाक्यांवरून. शेवटी मूळ पीडीएफमध्ये ‘दिवस’ आणि ‘तास’ शोधा. जितक्या ठिकाणी सापडतील, त्या प्रत्येकाची नोंद तक्त्यात दिसली पाहिजे.

आणखी एक खोड : रिकामा रकाना एआयला बघवत नाही. दुसरे अपील ९० दिवसांत करायचे, हे १९(३) मध्ये आहे. माहिती आयोगाने ते किती दिवसांत निकाली काढायचे, हे कायद्यात नाहीच. तिथे ४५ किंवा ९० छापून येतात. सूचनेतच लिहा : ‘उल्लेख नसेल तर “तरतूद नाही” असे लिही.’ आणि माहिती आयुक्तांचा कार्यकाळ ५ वर्षे दिसला, तर तुमची पीडीएफ २०१९च्या दुरुस्तीआधीची आहे.

प्रश्न : शासन निर्णयांचा तक्ता करताना तारखा चुकतात आणि रद्द झालेले नियमही चालू म्हणून येतात. असे का?

उत्तर : शासन निर्णयात सुरुवातीला ‘वाचा’ किंवा ‘संदर्भ’ खाली जुन्या निर्णयांच्या तारखा असतात आणि प्रस्तावनेत आधीची पद्धत सांगितलेली असते. एआय तिथूनच उचलते. ‘शासन निर्णय’ या मथळ्याखालचाच मजकूर आदेश समजावा, असे बजावा आणि तारीख शेवटच्या संकेतांकाशी ताडा. त्यातले पहिले आठ आकडे वर्ष, महिना, दिवस असे असतात. ‘अधिक्रमित’ शब्दासाठी वेगळा रकाना ठेवा, कारण जुना निर्णय पूर्ण रद्द झाला की त्यातला एखादाच परिच्छेद, हे तिथेच कळते.

जुनी फाइल असेल तर आधी एक परिच्छेद नोटपॅडमध्ये चिकटवून बघा. रोमन अक्षरांचा काला दिसला, तर फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षरसंकेतांआधीचा आहे. तो मजकूर तसाच देऊ नका; पानांच्या स्पष्ट (३०० डीपीआयच्या) प्रतिमा द्या. मग १ आणि ९, ३ आणि ६ यांची गल्लत डोळ्यांनी तपासा. रजेचे दिवस ९० की १०, हे प्रतिमा पुसट असली की एआय अंदाजाने ठरवते.

प्रश्न : माझा स्वतःचा अर्ज आणि आलेले उत्तरही एआयला द्यावे का?

उत्तर : नाव, पत्ता, फोन आणि सही खोडून द्या. मुदत मोजायला अर्ज पोचल्याची, शुल्काचे पत्र निघाल्याची, पैसे भरल्याची आणि उत्तर मिळाल्याची एवढ्या तारखा पुरतात.