म्युझिक व्हिडिओ दर वेळी अर्धवट राहतो. चांगला कॅमेरा घेतला तर पूर्ण होईल का?

नाही होणार. तुमच्या फोनवरही होईल, फक्त फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं टिपायची तो आकडा) पक्का धरून ठेवणारं ॲप वापरा आणि २५ वर लावा. फोन स्वतःच्या मर्जीने फ्रेम रेट कमीजास्त करत राहिला, तर गाणं संपेपर्यंत ओठ आणि आवाजाची फारकत होते. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५० सेकंदावर ठेवा, दिवे लुकलुकणार नाहीत. कॅमेऱ्याबद्दल एवढंच.

पण "दर वेळी अर्धवट" वाचलं आणि राहवलं नाही. आमचा व्हिडिओ इतका रखडला होता की लोकांनी "झाला का?" विचारणंही सोडून दिलं होतं.

गाणारी मैत्रीण, कॅमेरावाला मित्र आणि बाकी सगळं करणारा मी. पहिलं शूट रफ मिक्सवर, म्हणजे गाण्याच्या कच्च्या रेकॉर्डिंगवर झालं, कारण दोघांनाही घाई होती. अर्धंअधिक झाल्यावर गायिकेला लय संथ वाटायला लागली. ९२ बीपीएमचं (मिनिटाला ९२ ठोके) ९६ केलं. चार आकड्यांनी काय फरक पडतो, असं तिचं म्हणणं. चार मिनिटांचं गाणं दहा सेकंदांनी आखूड झालं, हा फरक. दुसऱ्या अंतऱ्यात तिचे ओठ एका ओळीवर आणि आवाज पुढच्या ओळीवर. सगळं फुटेज बाद.

मग कॅमेरावाल्याची पाळी. त्याचा सिद्धांत असा, की आधी गोष्टीचे शॉट घ्यायचे, "गाणं म्हणणारे शॉट काय, कधीही होतात." त्यामुळे खिडकीशी उभं राहणं, मागे वळून बघणं, पायऱ्या उतरणं असलं सगळं जमलं, आणि तेही स्लो मोशनमध्ये. तेवढ्यात नायकाने केस कापले. गायिकेचा एकच क्लोजअप झाला होता, तोही त्याने ५० फ्रेमवर घेतला आणि गाणं मात्र नेहमीच्याच वेगाने वाजवलं. एडिटमध्ये २५ च्या टाइमलाइनवर स्लो मोशन करून टाकला तर ओठ निम्म्या वेगाने हलताहेत! अशा शॉटला सेटवर गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं असतं आणि गाणाऱ्याने त्या वेगाशी ओठ जुळवायचे असतात. हे मी तिथेच सांगितलं होतं. उत्तर आलं, "एडिटमध्ये बघू." हौशी शूटवर हे वाक्य ऐकू आलं की सामान आवरायला घ्यावं.

शेवटी मी हट्टाला पेटलो. मिक्स कायमचा ठरवून घेतला, फाईलच्या सुरुवातीला तीन बीप टाकले आणि एका साध्या भिंतीपुढे मैत्रिणीला उभं केलं. मुखड्यापासून शेवटच्या आलापापर्यंत अख्खं गाणं, मध्ये न थांबता. आधी लांबून, मग कमरेपर्यंत, मग नुसता चेहरा. चुकली तरी गात राहा म्हटलं. एका टेकमध्ये चुकलेली ओळ दुसऱ्यात बरोबर मिळतेच. संध्याकाळी बीपवर तिन्ही टेक जुळवले आणि टाइमलाइन या टोकापासून त्या टोकापर्यंत भरली. दिसायला साधाच, पण त्या क्षणी व्हिडिओ पूर्ण होता. पुढचं सगळं त्याच्यावर चिकटवायचं. त्यानंतर नायक आला नाही, पाऊस आला, जागा मिळाली नाही, तेव्हा एखादा शॉट गेला. व्हिडिओ अडला नाही.

मित्र अजूनही म्हणतो, त्यात "नुसती गाणारी बाई दिसते." दिसू दे की. गाणं तिचंच आहे. त्याच्या हार्ड डिस्कवर त्याच्या पद्धतीने सुरू केलेले अप्रतिम व्हिडिओ पडून आहेत आणि एकाचाही शेवट नाही.

हो, तुमच्या व्हिडिओत कुणी ओठच हलवत नसेल, नुसत्या दृश्यांवर गाणं असेल, तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू नाही. नाचाचा असेल तर कोरिओग्राफर म्हणेल तसं करा. आणि गाणं दुसऱ्याचं असेल तर आधी परवानगीचं बघा: रचनेचे हक्क वेगळे आणि रेकॉर्डिंगचे वेगळे. नवीन गायकाकडून गाऊन घेतलं तरी रचनेची परवानगी लागतेच.

कॅमेऱ्याचे पैसे तूर्त राहू द्यात. गाणाऱ्याकडून "हाच शेवटचा मिक्स" असा मेसेज लेखी घ्या आणि तुमचा कॅमेरावाला "गाण्याचे शॉट नंतर" म्हणायला लागला, तर माझं हे उत्तर त्याला खुशाल वाचायला द्या.