वाचक विचारतात : राजेलोक असे फुगलेले का?

प्रश्न : मुलाला घेऊन जुन्या गोव्यातल्या म्युझियममध्ये गेले होते. तिथं पोर्तुगीज व्हाइसरॉयांची ओळीनं लावलेली चित्रं बघून तो हसायलाच लागला, "आई, हे फुग्यासारख्या चड्ड्या घालून कसे उभे राह्यलेत बघ!" घरी येऊन नेटवर त्या काळातली युरोपातली चित्रं बघितली तर त्याहून कहर, विजारीच्या पुढं चक्क गादी भरल्यासारखा फुगवटा. हे काय प्रकरण? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ताई, हसू द्या त्याला, मलाही येतं. त्या फुगवट्याला कॉडपीस म्हणायचे. आधी विजारीचे दोन पाय सुटे असायचे, मधली फट झाकायला एक कापड बांधायचे, बास एवढंच, पण मग त्यात भरणी घालून ते मिरवायची फॅशन झाली. तिशियन या इटालियन चित्रकारानं १५३३ साली पवित्र रोमन सम्राट पाचव्या चार्ल्सचं कुत्र्यासोबतचं चित्र काढलं, त्यात तो कॉडपीस लपवलाय कुठं? उलट नजर आधी तिथंच जाते. पौरुष म्हणजे वारस देणारा, घराणं चालवणारा, हे असं उघड सांगायचं.

आणि जागा अडवायची! हॉल्बाइन या चित्रकारानं १५३७ मध्ये इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला भिंतीवर रंगवलं (मूळ चित्र १६९८ च्या आगीत गेलं, नकला आहेत) त्यात पाय फाकलेले, कोपरं बाहेर, खांदे दाराएवढे. आपल्याकडे दशावतारात राजा रंगमंचावर येऊन उभा राहतो ना, तसंच. अंगरख्याला मुद्दाम चिरा पाडलेल्या आणि त्यातून आतलं पांढरं कापड ओढून बाहेर काढलेलं, म्हणजे माझ्याकडे एवढं भारी कापड आहे की मी ते कापून टाकू शकतो.

त्या काळच्या चित्रांतले काळे कपडे बघून साधेपणा वाटतो, तो धोका आहे हं. गडद पक्का काळा रंगवणं महागडं काम. मोरोनी या इटालियन चित्रकाराच्या चित्रातला शिंपी कात्री घेऊन उभाय, समोर खडूनं आखलेलं काळं कापड, पण त्याच्या स्वतःच्या अंगावर क्रीम रंगाचा अंगरखा! काळं बहुतेक गिऱ्हाइकाचं.

आपल्या म्युझियममधल्या चित्रांची सुरुवात १५४७ ची, जुआंव द काश्त्रु या व्हाइसरॉयनं गाश्पार कोर्रैया या पोर्तुगीज इतिहासकाराच्या देखरेखीखाली स्थानिक चित्रकाराकडून ती करून घेतली. नंतर कित्येकांवर पुन्हा पुन्हा रंग चढलाय, त्यामुळे प्रत्येक बटण खरं मानू नका, पण कुळाचं चिन्ह आणि नाव मात्र बघा, माणूस कोण ते कपड्यांइतकंच तिथं लिहिलेलं असतं.

पुढच्या वेळी मुलाला या काश्त्रुची दाढी दाखवा. दीवचा किल्ला परत बांधायला पैसे नव्हते, तर या बाबानं गोव्यातल्या लोकांकडे कर्ज मागितलं आणि तारण म्हणून दाढीचे केस पाठवले. लोकांनी पैसे दिले, केस परत केले.