रग्बी लीगला मोठ्या नावांचा उपयोग किती?

आपण विचारले आहे की, इंग्लंडमधील सुपर लीग या रग्बी लीगच्या सर्वोच्च श्रेणीतल्या क्लबांनी जगभर गाजलेले एक-दोन खेळाडू भक्कम मानधन देऊन आणले, तर यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या पट्ट्यात अडकलेला हा खेळ देशभर पोहोचेल का. मी बरीच वर्षे लीड्समध्ये राहतो आणि बहुतेक हंगाम हेडिंग्लीच्या दक्षिण स्टँडमध्ये उभा राहून पाहिले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मोठा खेळाडू खेळाचे नाव वर नेऊ शकतो, याबद्दल मला शंका नाही. मात्र बाहेरून आणलेली प्रसिद्धी त्या खेळाडूबरोबरच निघून जाते, आणि घरात घडलेला खेळाडू लोकांना दिसलाच नाही, तर त्याचे मोठेपण त्याच्या गावाबाहेर जात नाही, असा माझा अनुभव आहे.

आपल्यापैकी अनेकांना हेडिंग्ली क्रिकेटमुळे माहीत असेल. 1992 मध्ये सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू म्हणून याच मैदानावर आला होता. त्याच क्रिकेट मैदानाला पाठ लावून लीड्स क्लबचे रग्बी लीगचे मैदान आहे. मधला स्टँड एकच, त्याचे एक तोंड क्रिकेटकडे आणि दुसरे रग्बीकडे. रग्बी लीग आणि रग्बी युनियन हे दोन वेगळे खेळ आहेत, हेही इथेच सांगितलेले बरे. शनिवारी सामना खेळायचा तर खाणीतल्या किंवा गिरणीतल्या कामगाराचा खाडा व्हायचा, आणि त्या खाड्याची भरपाई द्यावी अशी उत्तरेकडच्या क्लबांची मागणी होती. दक्षिणेकडच्या हौशी खेळाच्या पुरस्कर्त्यांनी ती नाकारली, तेव्हा 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे लीगमध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले आणि चेंडू हाती असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा अडवले गेले की चेंडू सोडण्याची, मर्यादा आली. विगन, सेंट हेलेन्स, कॅसलफर्ड, वॉरिंग्टन ही या खेळाची गावे. त्यांतल्या प्रत्येक गावाला स्वतःचे दैवत आहे, आणि शेजारच्या परगण्यात त्या दैवताचे नावही कुणी ऐकलेले नसते.

आपण सुचवलेला प्रयोग अगदी अलीकडे होऊन गेला आहे. टोरंटो वुल्फपॅक हा कॅनडातला क्लब 2017 मध्ये तिसऱ्या श्रेणीतून सुरू झाला आणि 2020 च्या हंगामासाठी सुपर लीगमध्ये दाखल झाला. त्यासाठी त्यांनी न्यूझीलंडच्या सॉनी बिल विल्यम्सला करारबद्ध केले. युनियनचे दोन विश्वचषक जिंकलेला आणि ऑस्ट्रेलियातील लीगचे विजेतेपदही दोनदा मिळवलेला हा माणूस, त्यामुळे एरवी रग्बी लीगची ओळही न छापणाऱ्या लंडनच्या वर्तमानपत्रांनी त्याची छायाचित्रे छापली. 2 फेब्रुवारी 2020 रोजी कॅसलफर्डविरुद्धचा त्याचा पहिला सामना हेडिंग्लीवरच झाला आणि मी तिथे होतो. राखीव बाकावरून उठून तो सीमारेषेशी आला, तेव्हा माझ्या आजूबाजूला शेकडो फोन वर गेले. तो आत गेला, दोन-तीन वेळा चेंडू घेऊन धडकला, आणि थोड्याच वेळात फोन खिशात गेले. टोरंटो तो सामना 28-10 असा हरले. सुपर लीगमधले सहाही सामने ते हरले, मग कोविडची साथ आली, आणि जुलैमध्ये क्लबने उरलेल्या हंगामातून माघार घेतली. हिवाळ्यामुळे सुरुवातीचे सगळे सामने युरोपात ठेवलेले असल्याने, टोरंटोच्या प्रेक्षकांसाठी आणलेला हा खेळाडू त्या हंगामात टोरंटोत एकही सामना खेळला नाही. साथ आली नसती तर चित्र काही प्रमाणात वेगळे झाले असते, हे मान्य करायलाच हवे. तरीही त्या दिवशी फोन घेऊन आलेल्या माणसांना सॉनी बिल पाहायचा होता आणि तो पाहून झाला होता, हे माझ्या मनातून जात नाही.

मार्टिन ओफायाचे उदाहरण याच्या उलट आहे. 1987 मध्ये विडनेसने त्याला रॉसलिन पार्क या लंडनच्या युनियन क्लबातून उचलले, तेव्हा त्याचे नाव फारसे कुणाला ठाऊक नव्हते. युनियन तेव्हा हौशी असल्यामुळे पैसा हवा असलेला गुणी खेळाडू लीगकडेच येत असे. वेल्सचा कर्णधार जोनाथन डेव्हिसही जानेवारी 1989 मध्ये याच वाटेने विडनेसला आला. पुढे विगनने 4,40,000 पौंड मोजून ओफायाला घेतले. 1994 च्या चॅलेंज कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात वेम्बलीवर त्याने लीड्सविरुद्ध केलेला ट्राय, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून मिळवलेले गुण, मी चित्रफितीवर कितीदा पाहिला असेल, याची मोजदाद नाही. स्वतःच्या ट्राय लाइनजवळ चेंडू हाती येतो, दोघांच्या मधल्या फटीतून तो निसटतो, आणि मग समोर फक्त लीड्सचा फुलबॅक, म्हणजे सर्वांत मागचा बचावपटू, ॲलन टेट उरतो. ओफाया त्याला फसवायच्या भानगडीत न पडता कमानीसारखा बाहेरून वळसा घेत निव्वळ वेगावर त्याला मागे टाकतो, कोपऱ्यात चेंडू टेकवतो आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी चेहरा झाकतो. त्या वेळी हा सामना बीबीसीवर, शनिवारी दुपारी, घरोघरी फुकट दिसत असे. रग्बी लीगशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांनी तो ट्राय पाहिला, आणि तो याच खेळात पाहिला, म्हणून त्यांना खेळाडूबरोबर खेळही आठवतो. आज वेम्बलीबाहेर लीगच्या पाच खेळाडूंचा पुतळा आहे, त्यांत ओफाया आहे.

त्या ट्रायच्या पुढच्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. ऑगस्ट 1995 मध्ये युनियन व्यावसायिक झाले आणि खेळाडूंचा ओघ उलटा वाहू लागला. विगनचा जेसन रॉबिन्सन युनियनमध्ये गेला आणि 2003 च्या विश्वचषक अंतिम सामन्यात त्याने ट्राय केला, त्यामुळे सामान्य इंग्रज माणूस त्याला आज युनियनचाच समजतो. दुसरी गोष्ट म्हणजे लीगने स्काय या वर्गणीच्या वाहिनीशी 8.7 कोटी पौंडांचा करार केला आणि 1996 पासून सुपर लीग सुरू झाली. त्या पैशावर अनेक क्लब तगले, म्हणून मी त्या कराराला नावे ठेवणार नाही. पण त्यानंतरच्या पिढीतले उत्तम खेळाडू वर्गणी भरणाऱ्यांपुरतेच राहिले, हेही खरे आहे. सुपर लीगचे सामने थेट आणि फुकट दाखवायला चॅनल फोरने 2022 मध्ये सुरुवात केली आणि 2024 पासून बीबीसीने काही सामने घेतले. मधला काळ मोठा होता.

त्या मधल्या काळाची किंमत मला लीड्सचे केव्हिन सिन्फिल्ड आणि रॉब बरो यांच्याकडे पाहिले की कळते. बरो जेमतेम 5 फूट 5 इंच उंचीचा होता. 2011 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, ओल्ड ट्रॅफर्डवर सेंट हेलेन्सचे धिप्पाड बचावपटू समोर असताना पहिल्याच्या हाताखालून वाकून तो निसटला, तोल सावरत पुढच्यांना चकवत गेला आणि ट्राय करून आला. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला एकमताने निवडले गेले. सिन्फिल्डने कर्णधार म्हणून लीड्सला सात सुपर लीग जिंकून दिल्या. 2015 मध्ये बीबीसीच्या वर्षातील सर्वोत्तम क्रीडापटूच्या मतदानात तो अँडी मरेपाठोपाठ दुसरा आला, तेव्हा दक्षिणेत पुष्कळांनी ‘हा कोण?’ असे विचारले. मग डिसेंबर 2019 मध्ये बरोला मोटर न्यूरॉनचा, म्हणजे स्नायूंवरचा ताबा हळूहळू जाण्याचा, आजार असल्याचे निदान झाले. सिन्फिल्डने आपल्या मित्रासाठी 2020 मध्ये सात दिवसांत सात मॅरेथॉन धावून वीस लाखांहून अधिक पौंड उभे केले. मे 2023 मध्ये बरोच्या नावाची मॅरेथॉन लीड्समध्ये झाली, तेव्हा सिन्फिल्ड त्याची चाकांची खुर्ची ढकलत धावला आणि शेवटच्या रेषेपाशी थांबून, त्याला दोन्ही हातांवर उचलून पलीकडे घेऊन गेला. शेवटची रेषा हेडिंग्लीलाच होती. 2 जून 2024 रोजी बरो गेला, तेव्हा सारा देश हळहळला. माझ्या कार्यालयातली केंटची सहकारी डोळे पुसत मला म्हणाली, ‘किती मोठ्या मनाची माणसे! ते रग्बी खेळायचे ना?’ तिने या दोघांचा एकही सामना पाहिलेला नव्हता. या दोन माणसांचे मोठेपण त्यांच्या खेळण्याच्या वयात देशाला दिसले असते तर खेळालाही काही मिळाले असते, असे मला फार वाटते.

तारे आणि त्यांना शोभेल अशी जागा एकत्र आली की काय होते, हे ऑस्ट्रेलियात दिसते. सिडनीचे श्रीमंत क्लब क्वीन्सलँडचे चांगले खेळाडू ओढून न्यायचे आणि मग ते आंतरराज्य सामन्यांत न्यू साऊथ वेल्सकडून आपल्याच राज्याविरुद्ध खेळायचे. 8 जुलै 1980 रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर ‘ज्याने ज्या राज्यात खेळायला सुरुवात केली, त्याने त्या राज्याकडून खेळावे’ असा नियम लावून पहिला स्टेट ऑफ ओरिजिन सामना झाला, आणि पस्तिशीतला आर्थर बीटसन प्रथमच क्वीन्सलँडच्या पोशाखात कर्णधार म्हणून उतरला. क्वीन्सलँड 20-10 असे जिंकले. बीटसन मोठा आधीपासूनच होता. आपले माणूस परत आल्याची भावना नियमाने दिली. क्वीन्सलँडच्याच वॉली लुइसला ‘राजा’ म्हणू लागले ते पुढे याच मालिकेमुळे.

इंग्लंडला अशी जागा ॲशेसची होती. क्रिकेटप्रमाणे लीगचीही ॲशेस आहे, आणि 2003 नंतर ती थेट 2025 मध्ये झाली. सिन्फिल्डची ऐन बहराची वर्षे या मधल्या रिकाम्या काळात गेली. तेव्हा आमचा संघ ऑस्ट्रेलियाकडून 3-0 हरला, पण वेम्बलीवर साठ हजारांहून अधिक लोक आले होते.

म्हणून एखाद्या क्लबकडे खरोखरच मोठी रक्कम असेल, तर ती कुणाला आणण्यापेक्षा कुणाला राखण्यासाठी खर्चावी, असे मी म्हणेन. क्लबने खेळाडूंच्या मानधनावर एकूण किती खर्चावे, याच्या मर्यादेत पुरता न बसणारा खेळाडूही ठेवता यावा म्हणून 2016 पासून सुपर लीगमध्ये वेगळी सवलत आहे. ब्रॅडफर्डचा सॅम बर्जेस 2010 मध्ये साऊथ सिडनीला गेला तेव्हा एकवीस वर्षांचा होता; 2014 च्या तिथल्या लीगच्या अंतिम सामन्यात गालाचे हाड मोडलेले असताना तो पूर्ण वेळ खेळला आणि त्याच्या क्लबने 43 वर्षांनी विजेतेपद मिळवले. तो सामना सिडनीच्या घराघरात पाहिला गेला. ब्रॅडफर्डच्या पोरांना त्यासाठी रविवारी सकाळी वर्गणीची वाहिनी शोधावी लागली.