अमेरिकेत सिनेटर रिटायर झाला की त्याच्या जागी कोण येतं? पक्ष ठरवतो की गव्हर्नर?

दोघंही नाही, लोकच ठरवतात आणि तेही दोनदा, आधी पक्षाचा उमेदवार आणि मग सिनेटर. बहुतेक राज्यांत गव्हर्नर मध्ये येतो तो सिनेटर मधेच वारला किंवा त्याने राजीनामा दिला तर. सहा वर्षांची टर्म पूर्ण करून पुढच्या वेळी उभंच न राहणं वेगळं, त्याला इथे ओपन सीट म्हणतात. आणि आपल्या राज्यसभेसारखं आमदारांनी सिनेटर निवडायचं इथे १९१३ लाच बंद झालं, आता अख्खं राज्य म्हणजे एकच मतदारसंघ.

मी मिशिगनला राहतो, २०२४ ची अशी निवडणूक जवळून बघितली. डेबी स्टॅबेनाऊ २००० साली निवडून आलेल्या, त्यांनी जानेवारी २०२३ मध्येच सांगून टाकलं की आता बास, म्हणजे मतदानाच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. मग तिकिटासाठी हायकमांडच्या चकरा वगैरे नाही, ऑगस्टमध्ये प्रायमरी होते आणि उमेदवार मतदारच निवडतात. मिशिगनमध्ये तर पक्षाचं मेंबर असायची पण गरज नाही, एकाच मतपत्रिकेवर दोन्ही पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात आणि तुम्ही कुठल्याही एकाच रकान्यात गोल काळे करायचे. मी पहिल्यांदा प्रायमरीला गेलो तेव्हा हे नीट वाचलं नाही, दोन्हीकडे चांगली वाटली ती नावं भरली, मशीनने कागद परत बाहेर ढकलला, तिथल्या बाईंनी शांतपणे तो रद्द करून नवीन दिला. तेव्हापासून ओळखीत कोणी नवीन सिटिझन झालं की मी आधी हेच सांगतो.

डेमोक्रॅट्सकडून एलिसा स्लॉटकिन आल्या, पूर्वी सीआयएत होत्या, रिपब्लिकनकडून माइक रॉजर्स, पूर्वी एफबीआयमध्ये. नोव्हेंबरला ५५ लाखांच्या वर मतं पडली आणि स्लॉटकिन फक्त १९ हजारांच्या आसपास मतांनी जिंकल्या, त्याच दिवशी त्याच राज्यात ट्रम्प मात्र ८० हजारांनी पुढे! लोक म्हणतात मतदारांनी मतपत्रिकेवर वर अध्यक्षपदासाठी ट्रम्प आणि खाली सिनेटसाठी स्लॉटकिन असं केलं, काहींनी केलंही असेल पण आकडे बघा ना, स्लॉटकिनना कमला हॅरिसपेक्षा थोडी कमीच मतं आहेत, खरा फरक रॉजर्सकडे आहे, त्यांना ट्रम्पपेक्षा लाखाहून जास्त मतं कमी पडली. म्हणजे वरचा गोल भरून खालचा कोराच ठेवणारे किंवा छोट्या पक्षाला देणारे पण खूप असणार. जुना सिनेटर उभा असता तर निदान ओळखीचं नाव म्हणून तरी लोकांनी खालचा गोल भरला असता असं मला मनापासून वाटतं.

आणि आता २०२६ ला आमचे दुसरे सिनेटर गॅरी पीटर्स पण उभे राहत नाहीयेत, त्यामुळे परत ओपन सीट. तुमचे कोणी नातेवाईक इथे मतदार असतील तर त्यांना ऑगस्टची प्रायमरी सोडू नका म्हणावं, अर्धी निवड तिथेच होऊन जाते.