निरोगी पोरांची फुफ्फुसं मशीनला ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’ का दिसतात

तुमचा प्रश्न वाचला आणि पोटात गोळाच आला. एमबीबीएस पहिल्या वर्षाची पोरं, वय १८ ते २२, कोणी बिडी-सिगरेट ओढत नाही, दमा नाही, तरी स्पायरोमेट्रीत (मशीनमध्ये फुंकून फुफ्फुसांची हवा मोजायची तपासणी) निम्म्यांच्या रिपोर्टवर मशीन ‘माइल्ड रिस्ट्रिक्शन’, म्हणजे फुफ्फुसांत हवा थोडी कमी मावते, असं छापतंय. वर तुमचे प्रबंधाचे गाइड म्हणतायत, शहरातल्या प्रदूषणाचा परिणाम म्हणून लिहून टाका. नऊ वर्षांपूर्वी मी याच खुर्चीत बसले होते. फक्त माझे गाइड प्रदूषणाऐवजी ‘बैठी जीवनशैली’ म्हणाले होते.

आधीच सांगते, मी छातीविकारतज्ज्ञ नाही, फिजिऑलॉजीवाली आहे. एखाद्या पोराला खरंच धाप लागत असेल तर त्याला छातीच्या ओपीडीत पाठवा, माझं ऐकत बसू नका.

नोज क्लिप, ताठ बसवणं, तीन चांगले प्रयत्न, त्यातल्या वरच्या दोनांत १५० मिलिलीटरपेक्षा जास्त फरक नको, आठ प्रयत्नांनंतर थांबायचं, हे सगळं तुम्ही करत असालच. त्यावर वेळ घालवत नाही.

माझी चूक कुठली ते सांगते. मी एक्सेलमध्ये फक्त टक्के भरले. एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोरानं सोडलेली एकूण हवा) ८३ टक्के, एफईव्ही-१ (त्यातली पहिल्या सेकंदात सुटलेली हवा) ८६ टक्के, पुढचा विद्यार्थी. लिटरचे आकडे प्रिंटवर आहेतच, मग दोनदा कशाला टाइप करायचे, असा माझा हुशार विचार. आता टक्के म्हणजे काय? पोरानं सोडलेली हवा भागिले मशीनच्या मते त्यानं सोडायला हवी होती ती हवा. हा खालचा आकडा पोराच्या छातीतून येत नाही, मशीनमध्ये कोणी कुठलं समीकरण (वय, उंची वगैरेंवरून अपेक्षित हवा काढणारं) निवडून ठेवलंय त्यावरून येतो. आमच्या मशीनमध्ये युरोपियन गोऱ्यांचं होतं. डब्यातून निघाल्यापासून कोणी त्या सेटिंगला हातच लावला नव्हता. भारतीयांची एफव्हीसी त्याच वयाच्या, त्याच उंचीच्या युरोपियन माणसापेक्षा साधारण दहा ते पंधरा टक्क्यांनी कमी भरते. तेव्हा ठणठणीत पोरगं ८५ टक्क्यांवर आलं तर त्यात नवल नाही, आणि त्याच्या शेजारचं ७८ वर आलं की मशीन लगेच रोग छापतं.

तुम्ही म्हणाल, मग टक्क्यांवरून उलटा हिशेब करून लिटर काढायचे. मीही तेच म्हणाले होते. पण मध्येच मशीन दुरुस्तीला गेलं. परत आलं तेव्हा मेमरी कोरी होती, आणि सेटिंगमध्ये ‘एशियन’ नावाचा एक सरसकट गुणक (सगळ्यांच्या अपेक्षित हवेला एकाच आकड्यानं गुणणारा) लागलेला होता. हे माझ्या लक्षात आलं एकशे वीस पोरं झाल्यावर. मशीन नेमकं कितव्या पोरानंतर गेलं होतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण मी तारखासुद्धा भरल्या नव्हत्या. प्रिंट? थर्मल कागद. प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावून ठेवले होते, अर्धे पुसट झाले. उरलेले वाचवायला झेरॉक्सवाल्याकडे लॅमिनेशनला दिले. लॅमिनेशनच्या उष्णतेनं थर्मल कागद काळाकुट्ट होतो, हे मला तीन पानं गेल्यावर कळलं.

सगळ्यांना पुन्हा बोलावलं. तोवर पोरं दुसऱ्या वर्षात गेली होती. एकशे वीसपैकी अठ्ठावन्न आली, त्यातली निम्मी वडापावच्या आमिषानं. सहा महिने मुदतवाढ घेतली, नवी बॅच घेतली, आणि एथिक्स कमिटीला अभ्यासातल्या बदलाचं पत्र लिहिताना कारण काय लिहायचं यावर एक अख्खी दुपार गेली.

म्हणून आज संध्याकाळी घरी जायच्या आत मशीनच्या सेटिंगचं पान उघडून मोबाईलवर फोटो काढा. समीकरण कुठलं, गुणक लावलाय का, तापमान काय टाकलंय. (फुफ्फुसातून येणारी हवा ३७ अंशांची आणि ओलसर असते, मशीनमध्ये आली की आकसते. हे आकसणं भरून काढायचा मशीनचा हिशेब खोलीच्या तापमानावर चालतो. मे महिन्यात आमच्या मशीनमध्ये २० अंश टाकलेले होते.) मग प्रत्येक पोराचे लिटर, तारीख, वय वर्षं-महिन्यांत आणि उंची भरा. टक्के नंतर कधीही काढता येतात.

उंची स्वतः मोजा, चपला काढून. १८४६ साली लंडनच्या जॉन हचिन्सननं दोन हजारांवर माणसं स्पायरोमीटरवर फुंकायला लावली आणि उंचीप्रमाणे व्हायटल कपॅसिटी (एका पूर्ण श्वासात सोडता येणारी हवा) वाढते हे दाखवलं, त्या गोष्टीला पावणेदोनशे वर्षं झाली. आमची पोरं मात्र लग्नाच्या बायोडाटातली उंची सांगतात. तीन सेंटिमीटर वाढवून सांगितले की अपेक्षित एफव्हीसी साधारण चार टक्क्यांनी चढते.

समीकरण कुठलं घ्यायचं यावर माझं मत, पटलं नाही तर सोडून द्या. जीएलआय २०१२ (ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हची समीकरणं) मध्ये सत्तर हजारांवर निरोगी माणसांच्या नोंदी आहेत, वय ३ ते ९५, पण भारतीय उपखंडाचा वेगळा गट त्यात नाही. नंतर वंश न विचारणारं ‘ग्लोबल’ समीकरण आलं, त्यावरही आपली पोरं थोडी खालीच दिसणार. मुंबईत डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात भारतीयांवर काम केलं, दिल्लीत डॉ. छाब्रांच्या गटानं २०१४ साली उत्तर भारतीयांसाठी समीकरणं दिली. मी असते तर एक भारतीय आणि एक जीएलआय, दोन्हींनी काढून शेजारी शेजारी मांडलं असतं. लिटर हातात असतील तर हे एका दुपारचं काम आहे.

८० टक्क्यांखाली आलं की रोग, ही रेघ तर मला मुळीच पटत नाही. खालची मर्यादा झेड-स्कोअर (अपेक्षित आकड्यापासून किती प्रमाणित विचलनं दूर) उणे १.६४५ धरा. आणि समीकरण तंतोतंत जुळणारं असलं तरी शंभर निरोगी पोरांत पाच जण त्या रेघेखाली पडणारच, कारण रेघ आखलीच आहे तशी. शिवाय नुसत्या स्पायरोमेट्रीवर ‘रिस्ट्रिक्शन’ म्हणताच येत नाही, त्याला टोटल लंग कपॅसिटी (पूर्ण श्वास भरल्यावर फुफ्फुसांत असलेली सगळी हवा) मोजावी लागते. गाइडना हे सांगताना प्रदूषणाचा विषय काढू नका, ‘बाहेरचा परीक्षक विचारेल’ एवढंच म्हणा. हे वाक्य कुठल्याही गाइडवर चालतं.

किरकोळ गोष्टी: संकष्टीला किंवा गुरुवारी मुलींना बोलावू नका. उपाशीपोटी जोर लावून फुंकलं की चक्कर येते, माझ्याकडे एक खरंच खुर्चीवरून घसरली. सर्दी-खोकला होऊन गेलेल्यांना काही आठवडे थांबवा. आणि तोंडानं ओरडत राहायचं. ‘ओढ, ओढ, अजून ओढ... सोड! संपव, संपव, अजून आहे!’ नुसतं ‘फुंका’ म्हटलं की पोरं गाल फुगवून वाढदिवसाची मेणबत्ती विझवतात. तरुण पोरांची हवा तीन-चार सेकंदांतच संपते, सहा सेकंद भरले नाहीत म्हणून चांगला प्रयत्न फेकू नका, आलेखाचं शेपूट सपाट झालंय का ते बघा.

राहिलं कॅलिब्रेशन. त्याला तीन लिटरची सिरिंज असते, मशीन बरोबर मोजतंय का ते रोज सकाळी तिनं तपासायचं. आमची सिरिंज कुठे आहे ते विभागात कोणालाच माहीत नव्हतं. स्टोअरमध्ये चार अर्ज दिले. पहिल्यावर शिक्का नव्हता, दुसऱ्यावर शिक्का होता पण जावक क्रमांक नव्हता, तिसरा हरवला. चौथ्यावर लेखी उत्तर आलं की अशी वस्तू नोंदीत नाही. नवीन मागवायची तर तीन कोटेशनं आणा. शेवटी शिपाई मामांनी कपाटावरून काढून दिली, दोन वर्षांची धूळ बसलेली. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ती ‘पिचकारी, मोठी, १ नग’ म्हणून चढवलेली होती.

तुमच्या सेटिंगमध्ये काय निघतं ते कळवा. आणि सिरिंज सापडत नसेल तर ‘पंप’ या नावाखालीही एकदा बघा.