मॅग्नेशियम ऑक्साइड पाण्यात विरघळत नाही, मग आम्लात कसं विरघळतं?

पाण्याशी त्याची अभिक्रिया होते, पण सावकाश. तयार होणारं मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पाण्यात जेमतेम विरघळतं, म्हणून तळाशी पांढरा गाळ दिसतो. तरी लाल लिटमस निळा होतो, म्हणजे थोडे हायड्रॉक्साइड आयन सुटलेले असतातच. खरी गंमत इथेच आहे: आम्लातले हायड्रोजन आयन त्यांच्याशी जुळून पाणी बनवतात, ती उणीव भरायला आणखी गाळ विरघळतो, आणि पुरेसं आम्ल असेल तर द्रावण स्वच्छ होतं. हायड्रोक्लोरिक आम्लाने मॅग्नेशियम क्लोराइड मिळतं, सल्फ्युरिकने सल्फेट. ऑक्साइडऐवजी मॅग्नेशियम कार्बोनेट घेतलंत तर कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडेही येतील.

मॅग्नेशियमची फीत हवेत जाळली की ऑक्साइडसोबत थोडं नायट्राइडही (मॅग्नेशियम आणि हवेतल्या नायट्रोजनचं संयुग) बनतं. त्या राखेवर पाण्याचे थेंब टाकले की अमोनियाचा उग्र वास येतो.