तुरुंगातल्या पहिल्या भेटीआधी

रविवारी तू पहिल्यांदा आमच्याबरोबर तुरुंगात येतो आहेस, म्हणून आधीच सांगतो. "देवानं माफ केलं, आता सुटाल" असं कुणाला चुकूनही म्हणू नकोस. येशूच्या शेजारी क्रुसावर खिळलेल्या त्या गुन्हेगाराची गोष्ट बायबलमध्ये नीट वाचून ये. आपल्याला शिक्षा रास्तच झाली, हे त्यानं स्वतः कबूल केलं. येशूनं त्याला सुखलोकाचं वचन दिलं, पण क्रुसावरून खाली उतरवलं नाही. मला तर ही गोष्ट कळायलाच काही वर्षं गेली. बायबलमधला जकातदार जक्कयही नुसता पस्तावून थांबला नाही, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणाला.

मागे एक कैदी प्रभूच्या प्रार्थनेत 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस', म्हणजे आपला अपराध करणाऱ्यांना क्षमा केल्याचं जिथे म्हणायचं असतं, तिथे आला की दर वेळी थांबायचा. ओठ घट्ट मिटलेले, हातात टोपी चुरगळलेली. त्याच्यावरही कुणीतरी अन्याय केला होता. मी त्याला कधी पुढे ढकललं नाही. तूही कुणाला घाई करू नकोस.

१९९९ साली ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायम केली. हे जरूर सांग, पण ज्याचं माणूस गेलंय त्याच्यासमोर हा दाखला देऊ नकोस. त्याच्याजवळ नुसता बस.

गेटवर झडती होते, मोबाइल घरीच ठेव.